कीपवाल्यांचा डबा

जुई आणि निहार,

हे पत्र लांब होणार आहे. एका बैठकीत वाचून संपवायची घाई करू नका, आणि जिथे मराठी अडेल तिथे आईला विचारा.

गेल्या रविवारी निहारने मला दहा वाक्यं तपासायला पाठवली. 'कीप' या एकाच क्रियापदाचे वेगवेगळे अर्थ त्यांना शाळेत शिकवले होते आणि प्रत्येक अर्थाचं एक वाक्य करायचं होतं. जॉन रोजनिशी ठेवतो. मेरी दिलेला शब्द पाळते. दूध थंड जागी टिकतं. दहाही वाक्यं बिनचूक होती. मी फोनवर विचारलं, "हा जॉन कोण रे?" निहार म्हणाला, "कोणी नाही, आजी. कॉम्प्युटरने दिला." मग मी पेन हातात घेतलं, आणि एकाही वाक्यापुढे मला बरोबरची खूण करता येईना. मी अमरावतीच्या कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, हजारो पेपर तपासले. बिनचूक वाक्यापुढे हात असा कधी अडला नव्हता.

निहारला वाटलं, आजी रागावली. मी रागावले नव्हते. मला आमचे सर आठवले होते. त्यांनी वाक्य वाचलं असतं, चष्मा कपाळावर चढवला असता आणि विचारलं असतं, "हा जॉन कोन? याले कोनी पायलं? साक्षीदार कुठं हाय?"

त्यांना ओळखणारी माणसं आता फार उरली नाहीत. म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

सर आम्हाला दर्यापूरच्या शाळेत आठवीपासून मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकवायला होते. उंच, वाळलेले, आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यातसुद्धा अंगात काळा कोट. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. घरून शाळेत आणि शाळेतून बाजारात ते ती हाताने धरून चालत. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाले, "नुसता चालनारा मानूस लोकायले रिकामा वाटते. थांबवतेत, चहा पाजतेत. सायकल हातात असली का सोडून देतेत." कोटाच्या उजव्या खिशात अडकित्ता आणि सुपारी, डाव्या खिशात जांभळ्या शाईचं पॅड. पॅड कशाला, ते सांगते.

सरकारने नेमलेलं पुस्तक ते दिवाळीपर्यंत संपवून टाकत. त्याला ते 'पगाराचं काम' म्हणत. त्यानंतर खरं शिकवणं सुरू होई. प्रत्येक तुकडीला ते आठवीत एक क्रियापद देत, अगदी साधं, रोजच्या वापरातलं, आणि ते मॅट्रिकपर्यंत पुरत असे. आमच्या आधीच्या तुकडीला 'टेक' मिळालं होतं, नंतरच्या तुकडीला 'सेट'. आम्हाला 'कीप' मिळालं. गावात आमची ओळखही तशीच. दुकानदार विचारायचे, "तू टेकवाली का कीपवाली?" कीप म्हणजे ठेवणे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सर म्हणाले, "ठेवनं त हायच. अजून काय काय हाय, ते गावात हाय. जा, पाहून या."

पद्धत अशी होती. कीपचा एखादा अर्थ डिक्शनरीत सापडला की तो गावात शोधायचा. डोळ्यांनी पाहायचा. मग चिठ्ठीवर त्याचं इंग्रजी वाक्य लिहायचं आणि ज्या माणसाबद्दल ते असेल त्याला जाऊन वाचून दाखवायचं, दोनदा इंग्रजीत आणि एकदा आपल्या बोलीत. त्याला पटलं तर त्याची सही, सही येत नसेल तर अंगठा. साक्षीदाराशिवाय चिठ्ठी सर हातात धरत नसत. "खोटं वाक्य परीक्षेत लिवा," ते म्हणत. "तिथं मार्क भेटते. माह्या वर्गात खोटं वाक्य चालनार नाही."

चिठ्ठ्या माझ्या बाबांनी पुरवल्या. बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. रुईच्या गाठींना बांधायची जाड पुठ्ठ्याची लेबलं, ज्यांची छपाई बिघडलेली असे, ती ते मुकादमाला विचारून आणत. एका कोपऱ्यात भोक असे, त्यात दोरा ओवता येई. सरांनी ती पाहिली आणि भर वर्गात म्हणाले, "या पोरीच्या बापानं आपल्याले कागद देला. टाळ्या वाजवा." बाबांना घरी हे सांगितलं तर त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग आईला म्हणाले, "उद्या अजून आनतो."

आमच्या घरी आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून एक गोष्ट ठरलेली होती: पोरगा असो की पोरगी, शिकेल. पण कुठवर शिकेल, हे ठरलेलं नव्हतं. माझी मोठी आत्या अकोल्याला होती. तिचे यजमान गेल्यावर तिने एकटीने पिठाची चक्की चालवली. दर सुट्टीत ती यायची आणि बाबांना म्हणायची, "ही पोरगी मले दे. नीटनेटकी हाय, वाचता-लिवता येते. मॅट्रिक झाली का चक्कीवर पाठव. पोटच्या पोरीसारखी ठेवीन." आत्या वाईट नव्हती, ती खरोखर एकटी पडली होती. बाबांनी तिला शब्द दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मला मात्र अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकायचं होतं. बाबांच्या पगारात ते बसणारं नव्हतं; होस्टेलची मोफत जागा मिळाली तरच शक्य होतं. ती मुलाखतीवर मिळायची, आणि मुलाखत इंग्रजीत असायची. म्हणजे एका बाजूला ती जागा, दुसऱ्या बाजूला चक्की. तिन्ही वर्षं हे माझ्या डोक्यात होतं आणि सरांना ते माहीत होतं.

माझी पहिली चिठ्ठी शेळ्यांची. आमच्या वस्तीच्या टोकाला एक म्हातारी राहायची, सगळे तिला मायच म्हणत. मी लिहिलं, 'माय कीप्स फाइव्ह गोट्स'. सरांनी विचारलं, "पाच? मोजल्या?"

"हो सर. दारात पाच बांधल्या होत्या."

"दारात बांधल्या म्हंजे तिच्या झाल्या काय? इचारलं तिले?"

विचारलं नव्हतं. गेले, तर एक शेळी शेजाऱ्याची निघाली. मी पाच खोडून चार केल्या, चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली, तिने अंगठा दिला. सर म्हणाले, "आता कसं? इंग्रजी त तेवढंच हाय, पन आता ते खरं हाय."

यातून एक मोठं प्रकरण झालं. मायचा मुलगा अकोल्याहून आला आणि त्याने तिच्या अंगठ्याला जांभळी शाई पाहिली. तिच्या नावावर दोन एकर काळी जमीन होती. तो चार माणसं घेऊन थेट शाळेत आला. आमचे हेडमास्तर पुण्याचे, नुकतेच बदलून आलेले. वऱ्हाडी बोलणं त्यांना आधीच भांडणासारखं वाटे, त्यात हा खरोखर भांडत होता. "माह्या मायचा अंगठा घेतला तुमच्या पोट्ट्यायनं! कागदावर काय लिवलं, तिले मालूम नाही! इंग्रजीत लिवलं!"

मला आणि सरांना बोलावलं गेलं. हेडमास्तर म्हणाले, "अहो, हे काय चालवलंय तुम्ही?"

"शिकवून राहिलो," सर म्हणाले.

"अंगठे घेऊन? हे सगळं आजच्या आज जाळून टाका. आणि या मुलीच्या वडिलांना बोलवा."

शाळेतून नाव कमी झालं तर पुढे सरळ अकोल्याची चक्की होती. सरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मायच्या मुलाला विचारलं, "बावा, कागदावर काय लिवलं ते तुह्या मायले इचारलं काय?"

"तिले काय इचारू? तिले अ का ठ येत नाही."

"तरी इचारून पाय."

माय गेटबाहेरच उभी होती, शेळ्या घेऊन. कोणाच्या भरवशावर ठेवणार? तिला आत बोलावलं. सरांनी विचारलं, "माय, कायवर अंगठा देला तुमी?"

माय पदर सावरून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माय कीप फोर गोट." मग मुलाकडे वळली. "म्हंजे मी चार शेळ्या पाळतो. पाच नाही, चार. या पोरीनं आदी पाच लिवल्या होत्या, म्या चार करून घेतल्या. काहून बोंबलून राहिला शाळेत येऊन? लाज नाही वाटत?"

मुलगा तिच्याकडे पाहतच राहिला. आपली आई इंग्रजी बोलली, एवढंच त्याला ऐकू आलं असावं. चिठ्ठी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. जाताना मला हळूच म्हणाला, "माहं बी एक लिवजो. मी तेलाच्या मिलमंधी रातपाळीचा पहारा करतो. त्याचं होते काय?"

अकोल्याला गेले तेव्हा त्याचा पहारा पाहून आले, आणि त्याचं झालं. पहारा ठेवणे, तेही कीपच. हेडमास्तरांनी जाळण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. उलट वर्षभराने आमच्यातल्या एकीने त्यांच्यासमोर चिठ्ठी धरली, 'हेडमास्तर टेबलाच्या खणात छडी ठेवतात'. त्यांनी खण उघडून खात्री करून घेतली आणि सही केली.

अशा किती चिठ्ठ्या. घड्याळजीचं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं. बाजारातली बाई आंब्याचं लोणचं तीन वर्षं टिकवते. हे लिहिणारीला सरांनी तीन वर्षांचं लोणचं चाखायला लावलं आणि एक फोड स्वतःही खाल्ली. एक मुलगा महिनाभर टपाल कचेरीत खेटे घालत होता. पोस्टमास्तर सही देत नव्हते, सरकारी माणूस अशी सही करत नाही म्हणाले. सरांनी त्याला सांगितलं, "मंग तेच लिव." त्याने लिहिलं, 'पोस्टमास्तर नाही म्हणतच राहतात'. ती चिठ्ठी वाचून पोस्टमास्तर इतके हसले की शेवटी सही झाली. मार्क नव्हते, बक्षीस नव्हतं. सर फक्त चिठ्ठीला दोरा ओवून आमच्या तुकडीच्या डब्यात टाकत आणि म्हणत, "बसली."

माझ्या बऱ्याच चिठ्ठ्या बसल्या. एक मात्र त्यांनी परत केली. मॅट्रिकच्या वर्षी मी लिहिलं होतं, 'आय कीप ऑन स्टडीइंग', मी शिकतच राहते. साक्षीदार म्हणून आईची सही घेतली होती. सरांनी चिठ्ठी बराच वेळ पाहिली आणि आईची सही ब्लेडने अलगद खरवडून काढली.

"हे अजून झालं नाही," ते म्हणाले.

"पण सर, मी आत्ता शिकतेच आहे."

"आता त सारेच शिकून राहिले. शाळाच हाय. शिकत राहते ती, जिले थांबवाले कोनी उभं असते अन् ते थांबत नाही. तुले अजून कोनी थांबवलं काय? झालं का आनजो. मी घेईन."

मी रडले, हे लिहायला हरकत नाही. ती चिठ्ठी कंपासपेटीत ठेवून दिली.

मॅट्रिकचा निकाल लागला आणि कॉलेजचं बोलावणं आलं. आत्याही त्याच आठवड्यात दर्यापूरला येऊन बसली, म्हणाली, "जागा नाई भेटली त मी घेऊनच जातो हिले." मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी सर सायकल धरून आमच्या दारात आले. आत आले नाहीत. मला शाईचं पॅड आणि दोन कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. मी म्हटलं, "सर, मुलाखतीत याचं काय काम?" म्हणाले, "काम नाही. जवळ राहू दे. सवय हाय तुले."

बाबा आणि मी पहिल्या जीपने अमरावतीला गेलो. आठ वाजता कॉलेजच्या गेटवर होतो. गेट बंद होतं. मग उघडलं, मग आम्हा मुलींना व्हरांड्यात उभं केलं, आणि मला आत बोलावलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. पोटात काही नव्हतं. टेबलामागे दोन पुरुष आणि मध्ये प्राचार्य बाई, पांढरी साडी, जाड भिंगाचा चष्मा. वडील काय करतात, इंग्रजीच का, हे प्रश्न झाले. उत्तरं बरी गेली. मग एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, तिकडची मुलं सगळं पाठ करून येतात. आणि मला म्हणाले, तुझ्या मनचं एक वाक्य कर. कोणतंही.

कोणतंही! माझ्या जागी दुसरी कोणी असती तर सूर्य पूर्वेला उगवतो म्हणाली असती. मला ते जमेना. तीन वर्षांत मी खोटं किंवा न पाहिलेलं वाक्य करायचं विसरले होते. त्या खोलीत मी डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट होती. मी म्हणाले, "यू हॅव केप्ट अस वेटिंग सिन्स एट ओ'क्लॉक." तुम्ही आम्हाला आठ वाजल्यापासून ताटकळत ठेवलं आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी निभलं असतं. पण हात सवयीने पिशवीत गेला. मी चिठ्ठी काढली, वाक्य लिहिलं, प्राचार्य बाईंसमोर ठेवली, शेजारी पॅड उघडून ठेवलं आणि म्हणाले, "साइन प्लीज." मग मला कळलं मी काय केलं ते. अकोल्याच्या चक्कीचा आवाज मला तिथे बसल्या बसल्या ऐकू आला.

"हे काय आहे?" ते गृहस्थ म्हणाले. प्राचार्य बाईंनी हाताने त्यांना थांबवलं आणि मला इंग्रजीत विचारलं. मी सगळं सांगितलं: सर, चिठ्ठ्या, शेळ्या, पोस्टमास्तर. आयुष्यात पहिल्यांदा मी सलग इतकं इंग्रजी बोलले, आणि बोलत आहे हे लक्षातही आलं नाही. त्यांनी विचारलं, "ज्याला इंग्रजी येत नाही त्याचं काय करता?" मी म्हटलं, "दोनदा वाचून दाखवतो, मग अर्थ सांगतो. आमची माय चुका काढते."

त्यांनी चिठ्ठी वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आठ नाही. गेट साडेआठला उघडतं. हे दुरुस्त कर."

मी म्हटलं, "मॅडम, आम्ही गेटच्या बाहेर होतो. मी आणि माझे वडील."

"साक्षीदार?"

हा शब्द त्या मराठीत म्हणाल्या. मग घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, "हाव मॅडम. ही पोरगी अन् तिचे बाबा आठ वाजतापासून गेटवर उभे होते. म्याच म्हटलं, थांबा."

प्राचार्य बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि हिरव्या शाईत सही केली. पॅड मिटून मला परत दिलं. शिपायाला म्हणाल्या, "बाहेरच्या सगळ्या मुलींना बसायला बाकं द्या आणि पाणी द्या. सकाळीच द्यायला हवं होतं."

होस्टेलची जागा मला मिळाली. आत्या एकटी अकोल्याला परत गेली. जाताना बाबांना म्हणाली, "सुट्टीत तरी पाठवजो." पुढची चार वर्षं ती दर सुट्टीत मला विचारत राहिली, आणि मी दर वेळी परत अमरावतीला जात राहिले.

एम.ए. होऊन मला नोकरी लागली तेव्हा सर निवृत्त होऊन अकोल्यात एका खोलीत राहत होते. मी ती जुनी चिठ्ठी घेऊन गेले. आईची सही खरवडल्याची जागा अजून खरखरीत होती. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "साक्षीदार?"

"आत्या. चक्कीवर आहे."

"चाल."

दीड मैल आम्ही चाललो. त्यांच्या हातात सायकल, माझ्या हातात चिठ्ठी. चक्कीवर गर्दी होती. सरांनी आत्याला चिठ्ठी दोनदा इंग्रजीत वाचून दाखवली, मग अर्थ सांगितला: ही शिकत राहिली, थांबवलं तरी थांबली नाही. आत्याने चक्कीचा पट्टा उतरवला. आवाज थांबला. ती म्हणाली, "खरं हाय, गुरुजी. मीच थांबवत होतो. लय बोलावलं हिले. आली नाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बरं झालं नाई आली." आणि अंगठा पुढे केला. हात पुसायचा राहिला.

सर म्हणाले, "बसली."

वारण्याच्या आधी सरांनी प्रत्येक तुकडीचा डबा त्या त्या तुकडीतल्या एकाला देऊन टाकला. टेकचा डबा दर्यापूरला एका निवृत्त तलाठ्याकडे आहे. सेटचा पुरात गेला. कीपचा माझ्याकडे आला.

निहार, तुझी वाक्यं बरोबर आहेत. फक्त ती कोणाची आहेत, ते मला कळलं नाही. तुझ्या गल्लीत काहीतरी कीप करणारं कोणीतरी असेलच. त्याला विचार. एक पुरे.

डबा माझ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे. पॅड वाळून गेलं आहे. प्राचार्य बाईंची हिरवी सही फिकट झाली आहे, पण वाचता येते. मायच्या चार शेळ्या आहेत, पाचवर मारलेली काट दिसते. आणि सगळ्यात वर आत्याचा अंगठा आहे, जांभळा, मधोमध पांढरा ठिपका. तिथे पीठ होतं.